वडाळ्याची 'यंग इंडिया': मालक न उरलेल्या आवाजांचा इतिहास

जुनी मराठी गाणी म्हटली की कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा डोळ्यांपुढे येतो. गाणी ऐकणाऱ्यांचे सोडा, इतिहास सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही तोच येतो. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, गौहरजानचा आवाज मुद्रित झाला, मग एचएमव्ही, मग नाट्यपदे, मग भावगीते, मग कॅसेट: हा क्रम एव्हाना पाठ झाला आहे. त्यात एक अख्खा कारखाना गाळला जातो. तो मुंबईतच होता, वडाळ्याला. १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे तो चालला आणि त्याने दहा हजारांहून अधिक शीर्षके बाजारात आणली.

त्याच्या तबकड्यांवर नाव असे 'यंग इंडिया'. कंपनीचे नाव नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी.

हा थ्रेड त्या कंपनीविषयी आहे. त्याहून अधिक ती आपल्या इतिहासातून का गळाली याविषयी आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकांचा वडाळ्याशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. तो संबंध उत्तरार्धात येईल आणि तो आजचा आहे.

प्रथम त्या काळचा बाजार समजून घ्यावा लागेल. गैसबर्गने १९०२ मध्ये घेतलेली मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला गेली, तिथे त्यांच्या तबकड्या तयार झाल्या आणि त्या विक्रीसाठी परत हिंदुस्थानात आल्या. तबकडीला घट्टपणा देणारा पदार्थ म्हणजे लाख. जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश होता हिंदुस्थान. कापूस मँचेस्टरला जाऊन धोतरजोडी होऊन परत येत असे, ही गोष्ट शाळेत शिकवतात. लाखेची गोष्ट मात्र कुठल्याच धड्यात नाही.

(जाता जाता: मराठी रंगभूमीवरचा त्या काळचा सर्वांत गाजलेला आवाज, भाऊराव कोल्हटकर, १९०१ मध्येच निवर्तला होता. गैसबर्ग यायला एक वर्ष उशीर झाला.)

१९०८ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदहजवळ कारखाना काढला. पुढे तो दमदमला गेला. तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या, मालकी मात्र लंडनचीच राहिली. १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी कोलंबिया यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी जन्मली. त्याआधीच कोलंबियाने जर्मन लिंडस्ट्रॉम समूह घेतला होता आणि त्याबरोबर ओडियन व पार्लोफोन ही नावेही. म्हणजे १९३१ नंतर मुंबईच्या एखाद्या दुकानात गिऱ्हाइकापुढे एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन अशा तीन वेगवेगळ्या नावांच्या तबकड्या मांडलेल्या असत तेव्हा त्याला वाटे, आपल्याला निवड आहे. तिजोरी एकच होती.

देशी उद्योजक नव्हते असे नाही. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी शतकाच्या आरंभीच रवींद्रनाथांचा आवाज नळकांड्यांवर घेतला होता. १९३२ मध्ये चंडीचरण साहा यांनी 'हिंदुस्थान' आणि जितेंद्रनाथ घोष यांनी 'मेगाफोन' ही नाममुद्रा काढली. दोन्ही मोठ्या झाल्या आणि त्यांच्याविषयी बंगालीत भरपूर लिहिले गेले. पण त्यांच्या तबकड्या तयार होत त्या दमदमला, म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच कारखान्यात. गायक आपला, चाल आपली, कागदी लेबल आपले, यंत्र परक्याचे. परक्याने उद्या भाव वाढवला किंवा 'सध्या जमणार नाही' असे सांगितले, तर काय करणार?

यंग इंडियाचे वेगळेपण नेमके इथे आहे. तिचा स्वतःचा कारखाना होता. ही बाब वरवर तांत्रिक वाटते. पण त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे आजच्यासारखे खोलीत बसून मोबाइलवर करायचे काम नव्हते. मेणाच्या जाड चकतीवर सुईने आवाज कोरायचा. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवायचा. त्यातून उलटा साचा, उलट्यातून सुलटा, सुलट्यातून पुन्हा छपाईचा उलटा साचा काढायचा. मग लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा तापवलेला गोळा त्या साच्यांत दाबायचा. यांतील एकही पायरी चुकली तर तबकडी खरखरते किंवा तडकते. हे सगळे ज्ञान, यंत्रे आणि माणसे एका बलाढ्य परदेशी कंपनीच्या छायेत मुंबईत उभी करणे आणि वीस वर्षे चालवणे, हा औद्योगिक इतिहासाचा विषय आहे. संगीताच्या इतिहासकारांनी तो उद्योगाचा म्हणून सोडून दिला आणि उद्योगाच्या इतिहासकारांनी गाण्याबजावण्याचा म्हणून.

नावाविषयी मात्र भाबडेपणा नको. 'यंग इंडिया' हे १९१९ पासून गांधींनी संपादित केलेल्या साप्ताहिकाचे नाव. १९३५ च्या गिऱ्हाइकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नसणार, आणि कंपनीलाही ते ठाऊक असणारच. एवढ्यावरून 'स्वदेशी चळवळीने उभारलेली ध्वनिमुद्रण कंपनी' असे रोमांचक मथळे देणे म्हणजे पाकिटावरचे चित्र पाहून आतल्या मालाची चव सांगणे. स्वदेशीच्या काळात आगपेट्यांपासून साबणापर्यंत सगळ्यांनीच देशभक्तीची नावे लावली होती. यंग इंडिया हा धंदा होता. धंदा म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे. त्याला हुतात्मा करण्याची गरज नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे. यंग इंडियाचा विषय निघाला की जाणकार म्हणवणारे एक वाक्य हमखास टाकतात: "त्यांच्याकडे मोठे कलाकार नव्हते." यातले तथ्य असे की कंपनीची बहुसंख्य मुद्रणे हौशी आणि नवोदित कलाकारांची आहेत. पण या वाक्यातला 'म्हणून' चुकीचा आहे. मोठे कलाकार नव्हते, म्हणून कंपनी दुय्यम, म्हणून विस्मृती योग्यच: ही साखळी पहिल्या कडीपासूनच तपासावी लागते.

मोठे कलाकार का नव्हते? कारण ते करारांनी बांधले गेले होते. नाव असलेला गायक जुन्या कंपनीकडे. नव्या कंपनीने कुणाला गाठायचे? ज्याला अजून कुणी गाठलेले नाही त्याला. म्हणजे यंग इंडियाच्या यादीत हौशी लोक भरले आहेत ते तिच्या अभिरुचीमुळे नव्हे. बाजाराचा दरवाजा तेवढाच उघडा होता.

आणि मोठे कोण, हे ठरले कसे? ज्याची तबकडी निघाली, त्याचे नाव गावोगावी गेले. तबकड्यांची एलपी निघाली, एलपीची कॅसेट, कॅसेटची सीडी. प्रत्येक पुनर्मुद्रणाबरोबर तोच आवाज नव्या पिढीच्या कानांवर गेला आणि 'अजरामर' झाला. अजरामर होण्यासाठी आवाज चांगला असावा लागतो यात शंका नाही. पण त्याबरोबर मूळ मुद्रण सांभाळणारी, पगारी माणसे असलेली, बंद न पडलेली कंपनीही लागते. याला कलेचा निवाडा म्हणता येणार नाही. यात गोदामाच्या किल्लीचाही वाटा आहे.

दमदमची किल्ली हस्तांतरित होत राहिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आर. पी. गोएंका समूहाकडे आली, २००० च्या सुमारास तिचे नाव सारेगामा झाले, २०१७ मध्ये 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा डबा बाजारात आला. त्यात पाच हजार गाणी आधीच भरलेली होती. घरोघरी आजी-आजोबांना तो भेट दिला गेला, आणि त्यात वावगे काहीच नाही. खटकते ते पुढचे पाऊल: त्या डब्यात जे आहे तोच भारतीय गाण्यांचा भूतकाळ, असे गृहीत धरून लेख लिहिले जातात, व्याख्याने होतात, शंभर सर्वोत्तम गाण्यांच्या याद्या निघतात. एका कंपनीच्या मालमत्तेची यादी ही एका समाजाच्या स्मृतीची यादी म्हणून वाचली जाते.

यंग इंडियाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. १९५५ मध्ये कंपनी बंद झाली. तिची मुद्रणे पुन्हा प्रसिद्ध करण्यात ज्याचा आर्थिक लाभ आहे असा कुणी उरला नाही. एलपी नाही, कॅसेट नाही, सीडी नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे. दहा हजार शीर्षके म्हणजे प्रत्येकी एकच बाजू धरली तरी पाचशे तासांचा आवाज. चित्रपटगीते, सुगम, शास्त्रीय, लोकसंगीत आणि शैक्षणिक मुद्रणे, असा त्याचा आवाका. हे पाचशे तास अर्ध्या शतकाहून अधिक काळ ज्यांच्या माळ्यावर, ज्यांच्या ट्रंकेत होते, त्यांच्याच भरवशावर राहिले.

हौशी कलाकारांच्या मुद्रणांना कमी लेखणाऱ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिवकाल समजून घ्यायचा असेल तर तो फक्त राजपत्रे वाचून थांबत नाही. महजर पाहतो, गावच्या पाटलाचे तंटे पाहतो, देवस्थानचे हिशेब पाहतो. मग विसाव्या शतकाच्या आवाजाच्या बाबतीत फक्त दरबारी गायकांपाशीच का थांबायचे? नामवंत गायक त्याच्या काळाच्या पुढे गेलेला असतो. तो अपवाद असतो. सामान्य तयारीच्या गायिकेने १९४० च्या आसपास म्हटलेले भजन हे त्या काळी भजन कसे म्हटले जात असे याचा अधिक भरवशाचा पुरावा आहे. लय किती संथ होती, पेटी किती पुढे होती, 'च' आणि 'ज' यांचे दंततालव्य उच्चार कसे होत, चित्रपटातल्या चालीची छाया देवघरापर्यंत कधी पोचली, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथांत सापडत नाहीत. शैक्षणिक तबकड्यांत तर बोललेली भाषा आहे. छापील मराठी कशी होती हे सांगायला हजारो पुस्तके आहेत. बोललेली कशी होती, याचे पुरावे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रकारांत उरले आहेत, आणि तबकडी हा त्यांतला एक.

इथे आणखी एक असमतोल आहे आणि तो कुणाच्या दुष्टाव्याचा नाही. एचएमव्हीत दीर्घकाळ काम केलेले गायक जी. एन. जोशी यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. ते वाचनीय आहे, बहुमोल आहे आणि मराठी ध्वनिमुद्रणाविषयी लिहिणारा प्रत्येक जण त्याकडे वळतो. साहजिकच प्रत्येक लेखात स्टुडिओ एचएमव्हीचा, किस्से एचएमव्हीचे, गायक एचएमव्हीचे. वडाळ्याच्या कारखान्यात लाखेचा गोळा साच्यात दाबणाऱ्या कामगाराचे, किंवा पहिल्यांदाच मायक्रोफोनसमोर उभ्या राहिलेल्या गायिकेचे असे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती आलेले नाही. एकाच बाजूचा साक्षीदार बोलला, म्हणून निकाल त्याच बाजूने लागला.

मग यंग इंडिया पुन्हा प्रकाशात आली कशी? त्याचे श्रेय जाते ते तबकड्या जमवणाऱ्यांना. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर हे पेशाने टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक. 'द रेकॉर्ड न्यूज' या संस्थेच्या नियतकालिकातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्मृत नाममुद्रांविषयी चिकाटीने लिहिले. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम'च्या साहाय्याने यंग इंडियाच्या तबकड्यांचा शोध घेण्यात आला आणि खासगी संग्रहांतील शेकडो तबकड्यांचे अंकीकरण झाले. ती मुद्रणे लंडनच्या संकेतस्थळावर ऐकायला उपलब्ध करून देण्यात आली.

या वाक्यातला उपरोध ज्याला जाणवणार नाही त्याने इतिहास सोडून दुसरा विषय घ्यावा. लंडनच्या कंपनीच्या मक्तेदारीला शह द्यायला मुंबईत उभी राहिलेली कंपनी. तिचे आवाज वाचवायला अखेर पैसा आला लंडनच्या ग्रंथालयाकडून. यात ब्रिटिश लायब्ररीला दोष देण्याजोगे काहीही नाही. उलट तिचे आभारच मानायला हवेत. दोष आहे तो इथल्या रिकाम्या जागेचा.

ती रिकामी जागा नेमकी कुठे आहे? कायद्यात. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यापासून छापखान्यातून निघालेल्या पुस्तकाची नोंद सरकारदरबारी होत आली. हेतू लक्ष ठेवण्याचा होता हे खरे, पण त्या नोंदी इतिहासकाराच्या कामी आल्या. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक केले. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रे आली. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती म्हणावी अशा जिद्दीने सिद्ध केली. त्यामुळे १९३५ साली निघालेले सोळा पानी चोपडे आज शोधायचे झाले तर कुठे पाहायचे हे ठाऊक आहे. त्याच वर्षी निघालेल्या तबकडीसाठी दाते यांच्या तोडीची सूची नाही, आणि प्रत जमा करण्याचे बंधन तेव्हा नव्हते, आजही नाही. १९५४ चा कायदा ध्वनिमुद्रणांना लागूच होत नाही.

म्हणजे मराठी समाजाने छापलेला शब्द जपण्याची यंत्रणा उभारली आणि उच्चारलेला शब्द जपण्याचे काम मालकावर सोडले. मालक टिकला तर आवाज टिकला.

आता वडाळ्याहून मध्य रेल्वेने वर या.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि तबकडीच्या काळातली मुख्य अडचण नाहीशी झाली. साचे नकोत, लाख नको, दाबयंत्र नको. एक मुद्रणकक्ष आणि नकला काढणारे यंत्र मिळाले की कुणालाही कंपनी काढता येऊ लागली. देशभर अशा लहान कंपन्यांचे पेव फुटले. संगीतशास्त्रज्ञ पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा मागोवा आहे. एचएमव्हीची जी मक्तेदारी यंग इंडियाला वीस वर्षांत हलवता आली नाही, ती कॅसेटने एका दशकात मोडली.

महाराष्ट्रात या लाटेवर जे आवाज उमटले त्यांचा एक मोठा प्रवाह कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यातून वाहतो. प्रल्हाद शिंदे सोलापूर जिल्ह्यातून आले आणि त्यांचे कुटुंब कल्याणचे झाले. विठ्ठलाची भक्तिगीते, कव्वाली, भीमगीते असे सगळे त्या आवाजात होते. आनंद आणि मिलिंद या मुलांनी तो वारसा कॅसेटच्या युगात नेला. पोपटाचे गाणे ज्याने लग्नाच्या मांडवात ऐकले नाही असा त्या पिढीचा मराठी माणूस विरळा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटींची दुकाने लागत. वामनदादा कर्डकांची रचना गावोगाव पोचली ती आधी मुखोद्गत होऊन आणि मग अशा कॅसेटींतून. ठाणे आणि रायगडच्या आगरी-कोळी गावांत हळदीची गाणी, बँडवरची गाणी यांच्या कॅसेटी निघाल्या. धवलारणींचे धवळे अंगणातून फितीवर आले.

या कंपन्यांपैकी कितींचे दप्तर आज जागेवर आहे? कॅसेटीची माहिती तिच्या आतल्या कागदी पट्टीवर असते: गीतकार, गायक, वादक, वर्ष. पट्टी हरवली की फीत निनावी होते. फितीवरचे चुंबकीय थर आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी धरतात. यंग इंडियाची लाखेची तबकडी ऐंशी वर्षांनंतरही वाजते. १९८८ ची फीत कदाचित आजच वाजणार नाही. त्यामुळे कॅसेटीचा प्रश्न तबकडीहून अलीकडचा असला तरी अधिक निकडीचा आहे.

इथे अभिरुचीचा भेदभावही लपून राहत नाही. पुण्याच्या आलुरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायकांच्या कॅसेटी काढल्या. त्यांच्याविषयी रसिक आजही हळवे होऊन बोलतात, आणि बोलावेच. पण हळदीच्या गाण्यांच्या किंवा भीमगीतांच्या कॅसेटी काढणाऱ्या लहान कंपनीचा उल्लेख निघाला की तोच रसिक 'बाजारू' म्हणून हात झटकतो. यंग इंडियाला लावलेली 'मोठे कलाकार नव्हते' ही फूटपट्टी इथे जातीच्या आणि वर्गाच्या लाकडातून घडवलेली दिसते. आगरी लग्नात स्त्रिया काय गात होत्या, दलित वस्तीत चौदा एप्रिलच्या रात्री काय वाजत होते, हे ज्याला इतिहास वाटत नाही त्याने निदान आपण समाजाचा इतिहास लिहितो असा दावा करू नये.

"सगळे इंटरनेटवर आहे" हे दुसरे ठरलेले उत्तर. जे आहे त्यातले बरेचसे नाव, वर्ष आणि क्रमांक यांवाचून आहे. कुणीतरी प्रेमाने चढवलेले गाणे कुणीतरी हक्क सांगितल्यावर एका रात्रीत नाहीसे होते. चढवणाऱ्याचे खाते बंद झाले की संग्रह बंद. खासगी कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली वस्तू ही पुन्हा मालकाच्याच मर्जीवर राहते. वडाळ्यात झाले तेच, फक्त जागा बदलली.

"कायदा आड येतो" हे तिसरे उत्तर, आणि ते बव्हंशी अज्ञानातून येते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. यंग इंडियाची अखेरची मुद्रणे १९५५ ची. म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून तिच्या एकाही मुद्रणावर ध्वनिमुद्रणाचा हक्क उरलेला नाही. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, हे ध्यानात ठेवावे लागते. पण मुद्रण जपण्याला तोही आड येत नाही. १९८५ साली निघालेल्या कॅसेटीचा हक्क मात्र २०४५ च्या अखेरीस संपेल. तोपर्यंत थांबलो तर हक्क मोकळा होईल आणि फीत कोरी निघेल.

थांबण्याची गरजच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये एक तरतूद आली: अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवणे हा हक्कभंग ठरत नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार 'कृती'मध्ये ध्वनिमुद्रण येते. ही तरतूद ग्रंथालयांच्या बैठकांत वाचून दाखवायला हवी, कारण ती नेमकी त्यांच्यासाठीच आहे.

आणि ग्रंथालयांच्या बाबतीत हा पट्टा श्रीमंत आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन पुरती बारा वर्षे झाली नव्हती तेव्हा कल्याणकरांनी वाचनालय काढले, आणि तेही कुणी सक्ती केली म्हणून नाही. छापलेल्या शब्दासाठी त्या पिढीने जे केले त्यासाठी तेव्हा कायद्याची वाट पाहिली नव्हती. ध्वनीसाठी लागणारे साहित्य आज एका बऱ्या कपाटाच्या किमतीत येते: चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, तबकड्यांसाठी योग्य सुईचा फिरता मंच, एक संगणक, दोन ठिकाणी ठेवलेल्या हार्ड डिस्क. सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे नोंदी नीट करणारा माणूस. आणि इतिहासाचे विद्यार्थी दुसरे काय शिकतात?

नोंदीत काय हवे, तेही सांगून ठेवणे बरे. तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक हे दोन वेगळे असतात. दोन्ही उतरवावेत, दोन्ही बाजूंचे. कागदी पाकीट फेकू नये. त्यावर कधी दुकानाचा शिक्का असतो आणि तोच त्या तबकडीच्या प्रवासाचा एकमेव पुरावा ठरू शकतो. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडी झिजवते, म्हणून कुतूहलापोटी ती वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. कॅसेटीच्या आतल्या पट्टीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र आधी घ्यावे, फीत नंतर हाताळावी. बुरशी दिसली तर ती वाजवू नये, कोरड्या जागी वेगळी ठेवावी. घरातल्या मोठ्या माणसांना ती कॅसेट कुठे आणि कोणत्या प्रसंगी विकत घेतली हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत या ग्रंथालयांचे सभासद असलेले हजारो वाचक आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदाला ठराव मांडता येतो. ध्वनिमुद्रणांसाठी एक दालन आणि एक नोंदवही, एवढाच ठराव पुढच्या सभेच्या सूचनेत घालायचा, तर अर्ज सभेची विषयपत्रिका निघण्याआधी द्यावा लागतो.